रिजेक्शनचा हिशेब

शनिवारी दीडला फाउंड्रीतून निघताना
साबणानं दोनदा हात धुतले तरी
काळी वाळू नखांत राहतेच.
त्याच हातांनी वही उघडतो.

दुसऱ्या गेटावर मालगाडी अडवते,
म्हणून दर शनिवारी उशीर.
प्राध्यापकबाई माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
म्हणतात, "या, हुंदरे सर."
सर!
उद्यमबागेत मी भरमाण्णा,
मालकांच्या तोंडी "अरे भरमा",
आणि पोरं पाठीमागं काय म्हणतात
ते मला ठाऊक आहे.

वर्गात आम्ही एकवीस.
बँकेतला इराण्णा हुक्केरी,
हॉस्पिटलच्या मेट्रन फिलोमिनाबाई,
निपाणीहून वखारीचं काम टाकून येणारा शीतल चौगुले.
सगळ्यांच्या चष्म्याला नवा नंबर.
पुस्तक इंग्रजीत, माझी शंका मराठीत,
इराण्णाचं उत्तर कानडीत:
"तिळीतेन्री?"
तिळीलं, म्हणतो मी.
पाटीवर कुठली लिपी वर लिहायची
यात गावाची अर्धी हयात गेली;
या फळ्यावर नुसते आकडे.

फी तीन लाख ऐंशी हजार.
पतसंस्थेतली ठेव मोडली.
शैला काही बोलली नाही.
नवा मिक्सर घ्यायचं ठरलं होतं,
तिनं जुनाच दुरुस्तीला नेला.

रात्री जेवणाच्या टेबलावर
एका बाजूला मुलीची बारावी, दुसऱ्या बाजूला माझी ही.
"बाबा, तुमचं डेरिव्हेटिव्ह आमच्यापेक्षा वेगळं कसं?"
दोघांनीही पुस्तकं उलटसुलट केली,
मग शेंगा खाल्ल्या.

दिवाळी सरल्यावर खर्चाचा धडा आला.
बावीस वर्षं मी पोरांना सांगत आलो:
कास्टिंगला छिद्र निघालं? घाला परत भट्टीत.
लोखंड जातंय कुठं?
बाई म्हणाल्या,
"लोखंड नाहीच जात.
बाकीचं काय काय गेलं, ते लिहा."

लिहायला बसलो.
वीज.
वाळू, कोअरचं रेझिन.
ग्राइंडिंगला बसलेल्या मल्लव्वाचे अडीच तास.
रात्रपाळीचा जादा चहा.
माल उशिरा पोचला म्हणून
पुण्याच्या पार्टीनं कापलेले दोन टक्के.
आणि कडोलीच्या त्या पोराचा डावा अंगठा.
परत ओतलेल्या खेपेतच भाजला होता तो.
अंगठा कुठल्या रकान्यात घालायचा,
पुस्तकात कुठंच नव्हतं.
रकाना आखला. वर नाव लिहिलं नाही.

सोमवारी कागद मालकांच्या टेबलावर ठेवला.
त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला.
"हे कुठं शिकलास?"
"शनिवारी."
"म्हणजे आता पुण्याला जाणार तू."
प्रश्न नव्हता तो. मीही उत्तर दिलं नाही.
तीन आठवडे कागद पेपरवेटखाली पडून राहिला,
वर लग्नपत्रिका चढत गेल्या.
चौथ्या आठवड्यात वाळू तपासायचं यंत्र आलं.
बढती नाही, शाब्बास नाही.
फक्त परवाच्या मीटिंगमध्ये
दर सांगायच्या आधी मालक थांबले
आणि माझ्याकडं बघितलं.
एवढंच.
घरी येईपर्यंत मी ते चारदा आठवलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी
स्वतःलाच परत भट्टीत घातलंय मी.
लोखंड तेच, उद्यमबागेतलं.
पण विजेचं बिल कुणाच्या नावानं निघतंय
ते आता वाचता येतं.

वहीच्या मागच्या पानावर दुसरा तक्ता सुरू केलाय:
मिक्सर.
परीक्षेपायी चुकलेली शैलाच्या माहेरची जत्रा.
मुलीचे चव्वेचाळीस शनिवार.

बेरीज अजून मारली नाही.